आधी बिंदू, मग बांध

महाराष्ट्रात जमिनीच्या पुनर्मोजणीचा विषय निघाला की रोव्हर (उपग्रहांच्या संकेतांवरून जागा सांगणारी यंत्रे) किती घेतले, ड्रोन कुठे उडाले आणि किती गावे कधीपर्यंत उरकणार, याभोवतीच सगळी चर्चा फिरते. मोजणी कशाच्या आधारावर होणार, हे फारसे कोणी विचारत नाही. आमचे म्हणणे असे की ज्या तालुक्यात पुनर्मोजणी करायची, तिथले आधारबिंदू, म्हणजे बाकीची मोजणी ज्यांना धरून होते ते बिंदू, आधी पक्के व्हावेत, जमिनीत रोवले जावेत आणि त्यांचे आकडे लोकांसमोर ठेवले जावेत. तोवर एकाही बांधावर यंत्र लावू नये. यात वेळ जाईल आणि पैसाही. पण हा क्रम पाळला की काय मिळते, याचा भारतातला सर्वांत मोठा पुरावा दोनशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो उभा करणारा माणूस आपल्या विदर्भातच पुरलेला आहे.

हिंदुस्थानची त्रिकोणमितीने मोजणी सुरू करणारा लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. हैदराबादचे बिऱ्हाड उचलून तो नागपूरला नवे मुख्यालय मांडायला निघाला होता. वय सत्तरीच्या आसपास, छाती खोकल्याने पोखरलेली, आणि बरोबर यंत्रांच्या पेट्या. वणा नदीकाठच्या या कापसाच्या गावात त्याचा प्रवास थांबला. आज नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ हिंगणघाटवरून जातो आणि पुढे बंगळूर करत कन्याकुमारी गाठतो. लॅम्बटनची त्रिकोणांची साखळी उलट्या दिशेने, कन्याकुमारीपासून बंगळूर, हैदराबाद करत वऱ्हाडापर्यंत आली होती. या रस्त्यावरून रोज हजारो गाड्या धावतात, पण त्यांतल्या फार थोड्यांना हे ठाऊक असते.

यॉर्कशायरमधल्या एका साध्या कुटुंबातला हा मुलगा गणिताच्या जोरावर वर आला. ब्रिटिश फौजेच्या ३३व्या पलटणीतून तो अमेरिकेत लढला, यॉर्कटाउनला कैदेत पडला आणि पुढची कितीतरी वर्षे न्यू ब्रन्सविकमध्ये बराकींचा कारभार पाहत राहिला. तिथे सूर्यग्रहण पाहताना त्याचा एक डोळा कायमचा अधू झाला. पुढे ज्याने आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावला, त्याचा डोळा एकच धड होता. १७९६ नंतर तो पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत रात्रीच्या एका चढाईनंतर जनरल बेअर्डची तुकडी अंधारात चुकली. ताऱ्यांकडे पाहून लॅम्बटनने सांगितले की आपण उत्तरेला नाही, दक्षिणेला, म्हणजे टिपूच्याच दिशेने चाललो आहोत. ही हकीकत बहुतेक चरित्रांत येते. आमच्या दृष्टीने तिच्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते लढाई संपल्यावर त्याने मद्रास सरकारपुढे ठेवलेले टिपण. जिंकलेल्या मुलखाचे तुकड्यातुकड्यांचे नकाशे करण्याआधी पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांचा एक सांगाडा उभारावा, अक्षांश-रेखांश पक्के करावेत आणि मग सगळे तपशील त्या सांगाड्यावर टांगावेत, असे त्यात म्हटले होते.

या मागणीला विरोध झालाच. बंगालचा नकाशा करणारे जेम्स रेनेल तेव्हा लंडनमध्ये या विषयातले सर्वांत मोठे नाव होते. ताऱ्यांवरून ठिकाणे निश्चित करता येत असताना हा खर्च कशाला, असे त्यांचे मत होते. मद्रासच्या हिशेबखात्यातल्या एका सदस्याने तर म्हटले की कोणाला श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर त्याने पालखीच्या भोयांच्या म्होरक्याला तसे सांगावे, तो आपोआप पोचेल, नकाशाची गरज काय. आज पुनर्मोजणीच्या बैठकांत जे बोलले जाते ते याहून वेगळे नाही: शेतकऱ्याला त्याचा बांध ठाऊक आहे, मोजणीदाराला गाव ठाऊक आहे, मग आधारबिंदूंवर महिने कशाला घालवायचे? लॅम्बटनला या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी द्यावे लागले नाही. त्याच्या त्रिकोणांनी मद्रासपासून मंगळूरपर्यंतचे अंतर मोजले तेव्हा जुन्या नकाशांवर ४०० मैल रुंद दाखवलेले द्वीपकल्प प्रत्यक्षात ३६० मैलांचे निघाले. चाळीस मैलांची जमीन कागदावर होती, पायाखाली नव्हती. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी ठीक असूनही एवढी चूक साचली, कारण तुकडे एकमेकांना जोडताना त्यांना धरून ठेवणारे वरचे काही नव्हते.

त्याने हे कसे केले ते नीट पाहायला हवे. मोजणीत काय बिघडते आणि का बिघडते, ते त्यातूनच कळते.

आधी एक रेषा मोजायची. एकच, पण शक्य तितकी अचूक. एप्रिल-मे १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या सपाटीवर सुमारे साडेसात मैलांची, म्हणजे जवळपास ४०,००० फुटांची आधाररेषा त्याने मोजली. हाती रॅम्सडेन या इंग्रज यंत्रकाराने केलेली शंभर फुटी पोलादी साखळी होती, अडीच फुटांचे एक असे चाळीस दुवे असलेली. ही साखळी मुळात चीनच्या बादशहाला भेट म्हणून निघाली होती. तिकडे स्वीकारली न गेल्याने ती कलकत्त्यात आली आणि तिथून लॅम्बटनला मिळाली. साखळी जमिनीवर टाकायची नाही. तिपाईवर वीस-वीस फुटांच्या पाच लाकडी पेट्या एका रेषेत, एका पातळीत मांडायच्या, त्यांत ती ठेवायची, ठरावीक ताण द्यायचा आणि पेट्यांमध्ये तापमापक ठेवायचे. मग दोन्ही टोकांच्या खुणा घेऊन सगळा पसारा शंभर फूट पुढे सरकवायचा. असे चारशे वेळा.

तापमापक कशासाठी? शंभर फूट पोलाद दर फॅरनहाइट अंशाला इंचाच्या हजाराव्या भागाच्या सुमारे साडेसातपट वाढते. हा आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण चारशे साखळ्यांवर तापमान एका अंशाने चुकीचे धरले तर आधाररेषेत तीन इंचांची चूक होते. मद्रासच्या उन्हाळ्यात सकाळ आणि दुपार यांत वीस अंशांचा फरक सहज पडतो. तो हिशेबात घेतलाच नाही तर चूक पाच फुटांची. आणि आधाररेषेतली चूक तिथेच राहत नाही. तिच्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक त्रिकोणात ती त्याच प्रमाणात वाढत जाते.

आधाररेषा झाली की साखळीचे काम संपले. तिच्या दोन टोकांवरून तिसरा बिंदू, एखादी टेकडी किंवा गोपूर, पाहायचा आणि कोन मोजायचे. एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या दोन बाजू हिशेबाने निघतात. त्यांतली एक बाजू पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा होते. मधल्या जंगलात, नदीत, भातखाचरांत कोणालाही साखळी ओढावी लागत नाही. कोन मोजायला लंडनच्या केरीने केलेले थिओडोलाइट होते, अर्धा टन वजनाचे, ३६ इंच व्यासाच्या आडव्या चक्राचे. ते घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडले आणि यंत्र मॉरिशसला गेले. हे विज्ञानाचे काम आहे हे कळल्यावर तिथल्या फ्रेंच गव्हर्नराने ते परत पाठवले.

या यंत्राची गरज किती बारीक होती ते एका हिशेबात दिसते. वीस मैलांच्या बाजूवर एका विकलेची (अंशाच्या ३,६००व्या भागाची) चूक म्हणजे दुसऱ्या टोकाला सहा इंच. एका कलेची (साठ विकलांची) चूक झाली तर तीस फूट. आणि ३६ इंचांच्या चक्राच्या कडेवर एक विकला म्हणजे इंचाचा सुमारे अकरा हजारावा भाग. तो सूक्ष्मदर्शकाने वाचायचा. त्यात पृथ्वी गोल असल्याने मोठ्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज नेमकी १८० अंश येत नाही. दर पाऊणशे चौरस मैलांना ती सुमारे एका विकलेने वाढते. हा वाढावा आधी काढून मगच कोनांमधली चूक वाटायची असते. तो काढला नाही तर बरोबर असलेली मोजणीही चुकीची ठरते.

१८०८ मध्ये तंजावरच्या सपाट मुलखात उंच जागा मिळेना, म्हणून हे थिओडोलाइट बृहदीश्वराच्या मंदिरावर चढवत होते. दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. चक्र वाकले. अकरा हजाराव्या भागाचा हिशेब ज्या कडेवर होता तीच कड वेडीवाकडी झाली. नवे मागवायचे तर पुन्हा वर्षे गेली असती. लॅम्बटन यंत्र घेऊन तंबूत बसला. पाचरी, स्क्रू आणि कप्प्या वापरून, केसाएवढी केसाएवढी ओढ देत त्याने सुमारे सहा आठवड्यांत ते चक्र मूळ आकाराला आणले आणि पुढची कित्येक वर्षे त्याच यंत्राने काम केले. चिकाटीची कथा म्हणून ही हकीकत ठीकच आहे. पण दुरुस्त केलेल्या यंत्राचे कोन बरोबर येतात हे ठरवायला त्याच्याकडे उपाय होता, तो अधिक मोलाचा. दर काही शे मैलांवर तो पुन्हा नवी आधाररेषा जमिनीवर मोजत असे आणि त्रिकोणांतून हिशेबाने आलेल्या लांबीशी ताडून पाहत असे. मद्रासपासून त्रिकोण आणत तो बंगळूरला पोचला तेव्हा १८०४ मध्ये तिथल्या सुमारे सात मैलांच्या आधाररेषेत हिशेब आणि प्रत्यक्ष मोजणी यांत पावणेचार इंचांच्या आसपास फरक आला. हा फरक त्याने लिहिला, छापला आणि जगासमोर ठेवला.

आमच्या मते लॅम्बटनच्या कामाचे मर्म इथे आहे. आपली चूक किती आहे हे त्याला आकड्यात सांगता येत होते. ज्या मोजणीला आपली चूक सांगता येत नाही ती मोजणी कितीही महागड्या यंत्राने केलेली असो, तिच्यावर विश्वास ठेवण्याला आधार उरत नाही.

१ जानेवारी १८१८ पासून हे काम मद्रास सरकारकडून गव्हर्नर जनरलकडे गेले आणि त्याला ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळाले. त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट लॅम्बटनचा मदतनीस झाला. लॅम्बटनच्या हयातीत सुमारे १,६५,००० चौरस मैलांवर त्रिकोणांचे जाळे पसरले. तो गेला तेव्हा एव्हरेस्ट त्याच्याच आदेशाने पश्चिमेकडे, मुंबईच्या दिशेने साखळी नेत होता. पुढे कन्याकुमारीहून उत्तरेकडे आलेली मुख्य साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेली.

आता महाराष्ट्राकडे वळू. हे जाळे आपल्या मुलखावर विणले जात असतानाच इथे दुसरी मोजणी सुरू झाली, शेतसाऱ्याची. मुंबई सरकारचा अधिकारी प्रिंगल याचा पहिला प्रयत्न फसल्यानंतर १८३५ पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पद्धत बसवली तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. साधने दोनच होती, शंकू आणि साखळी. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतातून एक मुख्य रेषा टाकायची, शंकूने तिला काटकोन काढून बांधाच्या वळणापर्यंत लंब मोजायचे आणि सगळे टिपणावर उतरवायचे. हद्दीला दगड, बांध-उरोळ्या. टिपणे जुळवून गावाचा नकाशा करायचा.

ही पद्धत तिच्या कामापुरती चांगली होती आणि ज्यांनी ती राबवली त्या मोजणीदारांविषयी आम्हाला आदर आहे. सरकारला क्षेत्र हवे होते, त्यावरून आकार ठरवायचा होता. शेत पृथ्वीवर नेमके कुठे आहे याच्याशी साऱ्याला देणेघेणे नव्हते. त्यामुळे शेतसाऱ्याची मोजणी वरच्या त्रिकोणांना बांधली गेली नाही. एका शेताचे टिपण आतल्या आत खरे असते, पण ते बाहेर कशालाही खिळलेले नाही. त्याला खिळवून ठेवणारी वस्तू एकच, शेताच्या कोपऱ्यावरचा दगड. दगड गेला की टिपण तरंगू लागते.

त्यात साखळीचे दोष होतेच. लोखंडी साखळी वापरून वापरून लांबते, कारण कड्या झिजतात आणि उघडतात. ३३ फुटांची साखळी दोन इंचांनी लांबली तर लांबीत अर्धा टक्का आणि क्षेत्रात एक टक्का चूक होते, म्हणजे एकरी गुंठ्याचे सुमारे साडेसहा आणे, साधारण ४४० चौरस फूट. लांब झालेली साखळी कमी वेळा पडते म्हणून कागदावर क्षेत्र कमी लागते. कडी अडकलेली किंवा वळ पडलेली साखळी उलट चूक करते. त्यातच १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले, आणि पुष्कळ गावांत कागदावरची गटाची हद्द एक आणि वहिवाट दुसरी अशी अवस्था झाली. सातबाऱ्यावरचे क्षेत्र, टिपणावरचे क्षेत्र आणि नांगराखालचे क्षेत्र यांचा मेळ बसत नाही, त्याची मुळे अशी जुनी आहेत.

या पार्श्वभूमीवर आज भूकरमापकाच्या हाती रोव्हर आला आहे. उपग्रहांचे संकेत आणि कायमस्वरूपी संदर्भ केंद्रांकडून, म्हणजे ज्याला कॉर्स म्हणतात त्या जाळ्याकडून मिळणारी दुरुस्ती यांच्या जोरावर तो काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो. ही मोठी गोष्ट आहे. लॅम्बटनला जे करायला महिने लागले असते ते इथे काही मिनिटांत होते. पण रोव्हर सांगतो ती त्याची स्वतःची जागा. हद्द कुठे आहे हे त्याला ठाऊक नसते. हद्द जुन्या टिपणात आहे, आणि टिपण दगडाला बांधलेले आहे. दगड सापडला नाही तर रोव्हर चुकीची जागा सेंटिमीटरच्या अचूकतेने दाखवील.

प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. जुना गावनकाशा बहुधा आठ इंचास एक मैल अशा प्रमाणाचा असतो. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर सुमारे चार मीटर रुंद होते. हा कागद स्कॅन करून संगणकावर घेतला, उपग्रहाच्या चित्रावर बसवला आणि त्या रेघेवरून रोव्हरने दोन शेतांमधली हद्द खुणावली, तर सेंटिमीटर कुठून येणार? हद्द काढायची तर टिपणातले साखळी-आण्यांचे आकडे घेऊन ती नव्याने उतरवावी लागते. गावनकाशावरून ती काढता येत नाही.

दुसरी गफलत अधिक घातक आहे, कारण ती दिसत नाही. जुना नकाशा जमिनीवर बसवताना चार गोष्टी ठरवाव्या लागतात: तो किती पूर्वेला सरकवायचा, किती उत्तरेला, किती फिरवायचा आणि किती लहान-मोठा करायचा. एका ओळखीच्या दगडाने दोन आकडे मिळतात, दोन दगडांनी चार. म्हणजे दोन दगडांवर नकाशा नेहमीच बरोबर बसतो. एक दगड शेजाऱ्याने उपटून दहा फूट आत रोवलेला असला तरीही बसतो. फरक शून्य दिसतो आणि सगळ्यांचे समाधान होते. तिसरा दगड घेतला तरच चूक तोंड दाखवते, आणि चौथा-पाचवा घेतला तर कोणता दगड हललेला आहे तेही कळते. म्हणून गावाच्या चारही बाजूंना पसरलेले, आणि त्यातही तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथले दगड आधी शोधले पाहिजेत. ते एका गावापुरते शोधूनही भागत नाही. तोच शिवेचा दगड तीन गावांच्या नकाशांत तीन ठिकाणी पडत असेल तर तो तिढा बांधावर जाण्याआधी, तालुक्याच्या पातळीवर सोडवावा लागतो.

यंत्राच्या स्वतःच्याही मर्यादा आहेत. चिंचेच्या किंवा आंब्याच्या दाट झाडाखाली, उंच भिंतीलगत, विहिरीच्या लोखंडी सांगाड्याजवळ संकेत अडतात किंवा आपटून उशिरा येतात. यंत्र ‘फिक्स’ऐवजी ‘फ्लोट’ दाखवू लागते, म्हणजे सेंटिमीटरवरून हातभर चुकीवर येते. आपल्याकडे बांधावरच झाडे असतात, त्यामुळे ही अडचण अपवादाने येणारी नव्हे. मोबाइलचे नेटवर्क नसेल तर केंद्राकडून दुरुस्ती येत नाही. यावर उपाय आहेत: मोकळ्या जागी बिंदू घेऊन तिथून कोन-अंतराने कोपरा गाठायचा, आणि प्रत्येक महत्त्वाचा बिंदू यंत्र नव्याने सुरू करून, मध्ये वेळ सोडून दोनदा घ्यायचा. दोन्ही वाचनांतला फरक नोंदवायचा. घाईच्या मोजणीत हा दुसरा फेरा सर्वांत आधी गळतो.

आणखी एक बाब संदर्भपृष्ठाची, म्हणजे पृथ्वीचा आकार कोणता धरून अक्षांश-रेखांश काढले त्याची. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने टोपो नकाशे एव्हरेस्टच्या लंबगोलावर आहेत, उपग्रहाचे आकडे वेगळ्या लंबगोलावर. एकाच जागेचे दोन्हींतले अक्षांश-रेखांश घेऊन एकाच नकाशावर टाकले तर बिंदू शंभर मीटरपेक्षाही जास्त सरकलेला दिसू शकतो. जुन्या कागदातले आकडे कोणत्या संदर्भातले आहेत हे न विचारता यंत्रात भरले जातात तेव्हा गावच्या गाव ओढ्यापलीकडे जाते.

आमच्या मागणीवर तीन आक्षेप येतात. पहिला असा की आकाशात उपग्रह असताना जमिनीत दगड कशाला. कॉर्स केंद्रे हीच आजची आधारचौकट आहे आणि ती उत्तम आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण केंद्राचा आकडा आणि शेतकऱ्याचा बांध यांच्या मध्ये एक साक्षीदार लागतो, जो दहा वर्षांनी, दुसऱ्या भूकरमापकाला, दुसऱ्या कंपनीचे यंत्र घेऊन आल्यावर तोच आकडा देईल. असा साक्षीदार जमिनीतच असावा लागतो. लॅम्बटनच्या वारसांना हे ठाऊक होते. त्रिकोणमितीच्या ठाण्यावर खडकात वर्तुळ आणि मध्ये बिंदू कोरत, त्यावर चौथरा बांधत आणि चौथऱ्याच्या माथ्यावर, खालच्या बिंदूच्या बरोबर वर, दुसरी खूण ठेवत. वरची खूण कोणी फोडली तरी खालची शिल्लक राही. सह्याद्रीच्या अनेक माथ्यांवर असे दगड आजही आहेत. ट्रेकिंगला जाणारे त्यांवर रंगाने नावे लिहितात आणि जीर्णोद्धाराच्या कामात ते सिमेंटखाली जातात. तो दगड काय आहे हे सांगणारी पाटी तिथे नसते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. हद्दीच्या वादात एक शेतकरी हद्द कायम मोजणी, मग निमताना (म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी), मग दिवाणी न्यायालय अशी चढण चढतो तेव्हा त्याचे आणि सरकारचे किती वर्षे आणि किती पैसे जातात, ते त्या खर्चाच्या समोर मांडून पाहावे. निमतान्यात पुष्कळदा पहिल्या मोजणीपेक्षा वेगळी हद्द येते, कारण दोघांनी वेगवेगळे दगड आधाराला धरलेले असतात. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात, हे या व्यवस्थेतले सर्वांत क्लेशदायक सत्य आहे.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे, पण तो टाळून चालणार नाही. लॅम्बटन हा कंपनी सरकारचा माणूस, त्याचे काम राज्य पक्के करण्यासाठी होते. त्याचे गोडवे आपण का गावेत? हेतूबद्दल वाद नाही. श्रीरंगपट्टण पडले म्हणूनच त्या सर्व्हेला मंजुरी मिळाली. पण ते काम एका माणसाचे नव्हते. अर्ध्या टनाची पेटी डोंगरावर नेणारे, वीस मैलांवर निशाण धरून दिवस दिवस उभे राहणारे, पावसाळ्यात हवा स्वच्छ म्हणून तापाच्या जंगलात नेले गेलेले आणि तिथेच मेलेले खलाशी, म्हणजे सर्व्हेचे मजूर, इथलेच होते. मद्रासच्या सर्व्हे शाळेतून आलेला जोशुआ डी पेनिंग लॅम्बटनबरोबर वर्षानुवर्षे राबला. पुढच्या पिढीत अर्काटच्या मीर मोहसीन हुसेन यांनी इंग्लंडहून आलेली यंत्रे दुरुस्त केली आणि राधानाथ सिकदार यांनी १८५२ च्या सुमारास जगातल्या सर्वोच्च शिखराचा हिशेब मांडला. हिंगणघाटच्या समाधीची देखभाल व्हावी आणि तिथे मराठीत एक फलक असावा, त्यावर या सगळ्यांचा उल्लेख असावा, असे आम्हाला वाटते. वर्धा जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना तिथे नेऊन तीन काठ्या आणि एक कोनमापक देऊन त्रिकोण मोजायला लावता येईल.

पुनर्मोजणीच्या कामात मात्र चार गोष्टी शासनाने आदेशातच लिहाव्यात. तालुक्यातल्या प्रत्येक आधारबिंदूची यादी जमाबंदी आयुक्तांच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता यावी: आकडे, संदर्भपृष्ठ, मोजल्याची तारीख, अपेक्षित चूक, जागेचे छायाचित्र आणि तिथे पोचायची वाट. शिवेवरचे सापडलेले दगड मोजून झाल्याशिवाय गावातली मोजणी सुरू होऊ नये, आणि जे सापडले नाहीत त्यांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ते दगड कागदापेक्षा चांगले ठाऊक असतात, आणि ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. हद्दीच्या खुणा सांभाळण्याची जबाबदारी आणि त्या नष्ट केल्यास दंड महसूल कायद्यात आहेच. त्याची अंमलबजावणी निदान आधारबिंदूंपुरती तरी कडक व्हावी.

चौथी गोष्ट शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या कागदाची. मोजणीच्या ‘क’ प्रतीवर आज हद्दी असतात, क्षेत्र असते, सही-शिक्का असतो. त्याच कागदावर, कोपऱ्यात, चार ओळी वाढवाव्यात: कोणकोणते आधारबिंदू वापरले, जुने दगड किती सापडले, नकाशा बसवताना प्रत्येक दगडावर किती सेंटिमीटर फरक राहिला, आणि दुसऱ्या फेरीत वाचन किती हलले. हे आकडे मोजणीच्या वेळी यंत्रात असतातच. फक्त ते छापायचे आहेत.